याल्टाचे तिघे, आजार एकच

लिवाडिया राजवाड्याच्या अंगणात तीन खुर्च्या मांडलेल्या आहेत. डावीकडच्या खुर्चीत जाडजूड ओव्हरकोट घातलेले विन्स्टन चर्चिल, उजवीकडे लष्करी पोशाखातले जोसेफ स्टालिन आणि मधे, खांद्यावर गडद रंगाचा झगा घेतलेले फ्रँकलिन रूझवेल्ट. रूझवेल्टांच्या बोटांत सिगारेट आहे, गाल आत गेलेत, चेहऱ्यावर थकवा उघड दिसतोय. फेब्रुवारी १९४५ मधला हा फोटो इतिहासाच्या पुस्तकांतून आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. क्रिमियातल्या याल्टा इथे ४ ते ११ फेब्रुवारी या आठवडाभरात या तिघांनी हरत चाललेल्या जर्मनीची वाटणी, पोलंडच्या सीमा आणि होऊ घातलेल्या संयुक्त राष्ट्रसंघातला नकाराधिकार यांवर सौदे केले.

हे तिघंही पुढे पक्षाघाताने गेले. रूझवेल्ट अवघ्या दोन महिन्यांनी, स्टालिन आठ वर्षांनी आणि चर्चिल वीस वर्षांनी. निव्वळ योगायोग म्हणून सोडून द्यावी अशी ही गोष्ट नाही. पक्षाघाताकडे पाहण्याची वैद्यकशास्त्राची नजर याच वीस वर्षांत पालटायला लागली. तिघांच्याही शरीराने आधी सूचना दिल्या होत्या. एकाच्या डॉक्टरांना त्यांचं गांभीर्य कळलं नाही, दुसऱ्याच्या भोवतालच्या माणसांची त्या बोलून दाखवण्याची छाती नव्हती आणि तिसऱ्याने त्या जगापासून दडवल्या.

आजाराची जुनी ओळख

चालता-बोलता माणूस एकाएकी कोसळतो, तोंड वाकडं होतं, एक हात आणि एक पाय लुळा पडतो, जीभ जड होते. आपल्याकडे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणत आणि मालिश-लेपाच्या मागे लागत. युरोपातले वैद्य मेंदूत कफ किंवा काळं पित्त अडकलं असं समजत आणि शिरा कापून रक्त काढत. दोन्हीकडे एक समजूत सारखी होती: हा घाला वरून येतो, त्याचा आधी सुगावा लागत नाही आणि नंतर इलाज चालत नाही.

त्या समजुतीला पहिला धक्का दिला तो स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेन गावच्या योहान याकोब वेप्फर या डॉक्टराने. असे कोसळून मेलेल्या रुग्णांची शवं उघडून त्याने मेंदू तपासले आणि १६५८ साली निष्कर्ष छापले. काहींच्या मेंदूत रक्तवाहिनीबाहेर सांडलेलं रक्त होतं. मेंदूकडे जाणारा रक्ताचा मार्ग बंद पडला तरी असाच झटका येऊ शकतो, हेही त्याने मांडलं. पक्षाघाताचे दोन मुख्य प्रकार तेव्हाच हाती आले होते. इटलीतल्या मॉर्गान्यी यांनी १७६१ मध्ये दाखवलं की लुळं पडलेलं अंग उजवं असेल तर इजा मेंदूच्या डाव्या बाजूला असते आणि डावं असेल तर उजव्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जर्मनीतल्या रुडॉल्फ फिरखोव यांनी गुठळीचा हिशेब लावला. ती रक्तवाहिनीत जागच्या जागी धरते किंवा दुसरीकडे, उदाहरणार्थ हृदयात, तयार होऊन रक्ताबरोबर वाहत येऊन अडकते.

आजचं ज्ञान याच पायावर उभं आहे. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातला सुमारे पंधरा ते वीस टक्के वाटा त्याला लागतो आणि त्याच्याजवळ शिल्लक साठा नसतो. रक्त थांबलं की काही मिनिटांतच पेशी मरायला लागतात. बहुसंख्य झटके, पाश्चात्त्य देशांत साधारण ८५ टक्के, रक्तवाहिनी तुंबल्याने येतात; बाकीचे ती फुटल्याने. वर्षानुवर्षं चढा रक्तदाब सोसलेली धमनी आतून जाड, अरुंद आणि ठिसूळ होत जाते, गंज चढलेल्या जुन्या लोखंडी नळासारखी. असा नळ कधी तुंबतो, कधी फुटतो. त्यामुळे दोन्ही प्रकारांमागे बहुतेक वेळा एकच गुन्हेगार सापडतो.

तो गुन्हेगार ओळखायचं साधन विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आलं. इटलीतल्या शिपिओने रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये दंडाला गुंडाळायचा रबरी पट्टा आणि पाऱ्याची नळी यांची जोडी जमवली. रशियन लष्करी डॉक्टर निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये त्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकले. वरचा आणि खालचा असे दोन आकडे तेव्हापासून मिळू लागले. पण मिळालेल्या आकड्यांचं करायचं काय, हे पुढची चाळीस वर्षं ठरेना.

रूझवेल्ट: आकडे समोर होते

वयाच्या ३९व्या वर्षी पोलिओने पाय गेलेले रूझवेल्ट १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचे खासगी डॉक्टर होते नौदलातले रॉस मॅकिन्टायर. ते कान-नाक-घशाचे तज्ज्ञ. राष्ट्राध्यक्षांना सर्दी आणि सायनसचा त्रास, म्हणून ही निवड. रक्तदाबाच्या नोंदी मात्र होत होत्या. १९३५ मध्ये १३६/७८, १९३७ मध्ये १६२/९८, फेब्रुवारी १९४१ मध्ये १८८/१०५. आज हे आकडे पाहून कुठलाही डॉक्टर त्याच दिवशी औषध लिहून देईल.

मॅकिन्टायर यांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळची विद्वान मंडळीही त्याच मताची होती. वय वाढलं की रक्तदाब वाढणारच. अरुंद झालेल्या धमन्यांतून रक्त पुढे ढकलायला शरीराला तो लागतो. त्याला हात लावणं धोक्याचं, असं पाठ्यपुस्तकं शिकवत. अमेरिकेतले नामवंत हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी १९३१ मध्ये हेच लिहिलं. लिव्हरपूलच्या जॉन हे यांनी त्याच वर्षी व्याख्यानात सांगितलं की रक्तदाब वाढलेला आहे हे कळणं हाच रुग्णाला मोठा धोका, कारण मग कुणीतरी शहाणा तो उतरवायला जातो. उतरवायला हाताशी खात्रीचं औषधही नव्हतं. गुंगीच्या गोळ्या, मीठबंदी, वॉल्टर केम्पनर यांचा नुसता भात आणि फळं असा आहार, नाहीतर मणक्याजवळच्या नसा कापायची मोठी शस्त्रक्रिया, एवढंच.

१९४४च्या मार्चमध्ये रूझवेल्टांना धाप लागायला लागली. मुलगी ॲना यांनी आग्रह धरला, तेव्हा कुठे २७ मार्चला बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने त्यांना तपासलं. ओठ निळसर, हृदय मोठं झालेलं, फुप्फुसात पाणी उतरायला लागलेलं, रक्तदाब १८६/१०८. हृदय निकामी होत चाललं होतं. ब्रुएन यांनी डिजिटॅलिस सुरू केलं, मीठ आणि सिगारेटी कमी करायला लावल्या, दुपारची विश्रांती सांगितली. रूझवेल्टांनी आपल्याला काय झालंय हे कधी विचारलं नाही आणि वरिष्ठांचा हुकूम पाळणाऱ्या ब्रुएन यांनी ते आपणहून सांगितलं नाही. लोकांना सांगण्यात आलं की राष्ट्राध्यक्षांची तब्येत वयाच्या मानाने उत्तम आहे.

अमेरिकेला हे नवं नव्हतं. ऑक्टोबर १९१९ मध्ये वुड्रो विल्सन यांची डावी बाजू लुळी पडली होती. त्यांची पत्नी एडिथ आणि डॉक्टर कॅरी ग्रेसन यांनी ते महिनोन्महिने झाकून ठेवलं होतं. राष्ट्रसंघाचा करार अमेरिकन सिनेटने नाकारला, तेव्हा त्याचा जनक अंथरुणाला खिळलेला होता.

नोव्हेंबर १९४४ मध्ये रूझवेल्ट चौथ्यांदा निवडून आले. त्याच महिन्यात त्यांचा रक्तदाब २६०/१५० पर्यंत गेल्याची नोंद आहे. अशा अवस्थेत ते बोटीने माल्टाला, तिथून विमानाने क्रिमियाला आणि पुढे कित्येक तास मोटारीने खडबडीत रस्त्यावरून याल्टाला पोहोचले. चर्चिल यांचे डॉक्टर लॉर्ड मोरन त्यांना पाहून चरकले. मेंदूच्या धमन्या कठीण झाल्याची लक्षणं आपल्याला दिसताहेत आणि हा माणूस काही महिन्यांचाच सोबती आहे, अशा अर्थाची नोंद मोरन यांच्या रोजनिशीत आहे.

१२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्स इथल्या आपल्या छोट्या घरात होते. सकाळी डोकं थोडं दुखत होतं, मान आखडली होती. दुपारी चित्रकार एलिझाबेथ शूमाटॉफ जलरंगात त्यांचं चित्र काढत होत्या आणि ते समोर बसून कागदपत्रं पाहत होते. एकच्या सुमाराला त्यांनी हात कपाळाकडे नेला, डोक्यात भयंकर कळ आल्याचं म्हणाले आणि खुर्चीतच कोसळले. ब्रुएन धावत आले. त्या वेळी वरचा आकडा ३००च्या वर होता आणि खालचा १९०. थोड्या वेळाने एक बाहुली विस्फारली. मेंदूत मोठा रक्तस्राव झाल्याची ही खूण होती. ३ वाजून ३५ मिनिटांनी ६३ वर्षांच्या रूझवेल्टांची प्राणज्योत मालवली. अर्धवट राहिलेलं ते चित्र वॉर्म स्प्रिंग्सला आजही पाहायला मिळतं.

मॅकिन्टायर यांनी पत्रकारांना सांगितलं की निरभ्र आकाशातून वीज पडावी तसं हे घडलं. राष्ट्राध्यक्षांची वैद्यकीय फाइल रुग्णालयाच्या तिजोरीतून नाहीशी झाली, ती पुन्हा कुणाला सापडली नाही. ब्रुएन यांनी आपल्या नोंदींवरून सगळी हकिगत १९७० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापली. १९३५ पासूनचे चढत जाणारे आकडे एकाखाली एक आले, तेव्हा आकाश निरभ्र नव्हतं हे सगळ्यांना दिसलं.

एक गाव, एक मुळी

रूझवेल्टांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, जून १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी हृदयरोग-संशोधनाच्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षी बोस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम या गावात एक चिकाटीचं काम सुरू झालं. गावातले ५,२०९ स्त्री-पुरुष निवडले गेले, वय ३० ते ६२. दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी करायची, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन, सिगारेटी नोंदवायच्या आणि वाट पाहायची. कुणाला हृदयविकार होतो, कुणाला पक्षाघात होतो आणि त्यांच्या जुन्या नोंदी काय सांगतात, ते ताडून पाहायचं.

या वाट पाहण्यातून जुनं शास्त्र कोसळलं. वयाबरोबर चढणारा रक्तदाब शरीराची सोय नाही, तो शरीराचा घात करतो. ठरावीक रेषेच्या खाली सुरक्षित आणि वर धोका असंही नाही. आकडा जसा चढतो तसा धोका चढत जातो. म्हाताऱ्या माणसाचा वरचा आकडा वाढलेला असला तर चालतं, हेही खोटं ठरलं. साखर, सिगारेट, हृदयाची अनियमित धडधड यांचा पक्षाघाताशी असलेला संबंधही याच गावाच्या नोंदवह्यांतून पुढे आला.

धोका कळला, तरी तो उतरवायचा कशाने? या प्रश्नाचं एक उत्तर मुंबईहून गेलं. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील आपल्या रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या देत होते. सह्याद्रीच्या दमट जंगलातही उगवणारी ही वनस्पती आयुर्वेदाला जुनी ओळखीची. उन्माद, निद्रानाश आणि सर्पदंशावर ती वापरली जाई. कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच तिचा रक्तदाबावरचा परिणाम नोंदवला होता, पण पश्चिमेकडे त्याची दखल कुणी घेतली नाही. वकिलांनी काटेकोर मोजमाप ठेवून ५० रुग्णांवरचे निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. ते वाचून बोस्टनमधल्या रॉबर्ट विल्किन्स यांनी सर्पगंधा मागवली. १९५२ मध्ये सिबा या स्विस कंपनीच्या संशोधकांनी मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं, ते रेसर्पिन. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. काही रुग्णांना या औषधाने खिन्नता येई, म्हणून पुढे ते मागे पडलं. तोवर त्याने एक मोठी कामगिरी बजावली होती. तिच्याकडे थोड्या वेळाने येऊ.

स्टालिन: वेळ गेली

१९५२च्या सुरुवातीला स्टालिन यांना त्यांचे डॉक्टर व्लादिमिर विनोग्रादोव्ह यांनी तपासलं आणि कामाचा भार उतरवून विश्रांती घ्यायला सुचवलं, असं सांगतात. संशयी हुकूमशहाला या सल्ल्यात कट दिसला. नोव्हेंबरात विनोग्रादोव्ह तुरुंगात गेले. १३ जानेवारी १९५३च्या ‘प्रावदा’त बातमी आली की नामांकित डॉक्टरांची, बहुतेक ज्यूंची, एक टोळी सोव्हिएत नेत्यांना उपचारांच्या नावाखाली मारत होती.

२८ फेब्रुवारीच्या रात्री मॉस्कोबाहेरच्या कुन्त्सेवो इथल्या बंगल्यावर बेरिया, मालेन्कोव्ह, ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन या निकटच्या सहकाऱ्यांसोबत स्टालिन यांची मेजवानी पहाटेपर्यंत चालली. १ मार्चचा दिवस उजाडला, दुपार झाली, पण त्यांच्या खोलीतून हालचाल नाही. न बोलावता आत जायची पहारेकऱ्यांना परवानगी नव्हती. संध्याकाळी आत दिवा लागला, म्हणून त्यांना जरा हायसं वाटलं. रात्री उशिरा टपाल द्यायच्या निमित्ताने एकजण आत गेला, तर स्टालिन जमिनीवर पडलेले, कपडे ओले, बोलता येत नव्हतं. बेरिया आणि मालेन्कोव्ह रात्री येऊन पाहून गेले, पण डॉक्टर पोहोचले ते २ मार्चला सकाळी. रक्तदाब १९०/११०, उजवी बाजू लुळी. थरथरत्या हातांनी त्यांनी तपासणी केली, जळवा लावल्या, प्राणवायू दिला.

देशातले जाणकार डॉक्टर त्या वेळी कोठडीत होते. तुरुंगात असलेले विकृतिशास्त्रज्ञ याकोव्ह रॅपोपोर्ट यांनी आठवणींत लिहून ठेवलंय की चौकशी अधिकाऱ्याने त्यांना अचानक विचारलं, श्वासाची एक विशिष्ट अनियमित लय म्हणजे काय आणि अशा रुग्णाला कुणाला दाखवावं? रॅपोपोर्ट यांनी नावं सांगितली. त्यातले बहुतेक त्याच तुरुंगात होते.

५ मार्चच्या रात्री ९ वाजून ५० मिनिटांनी स्टालिन मरण पावले. शवविच्छेदनात मेंदूच्या डाव्या भागात मोठा रक्तस्राव आढळला. झटका क्रेमलिनमधल्या घरी आला, असं सरकारी पत्रकात छापलं होतं. इथेही खोटेपणा सुटला नाही. लवकर डॉक्टर आले असते तरी १९५३च्या औषधांनी ते वाचले असतेच असं नाही. पण दहशतीमुळे कित्येक तास एका लुळ्या पडलेल्या माणसाजवळ कुणी गेलं नाही, हे खरं.

चर्चिल: सावरले, पण लपून

चर्चिल यांची कथा तिघांत लांबलेली. ऑगस्ट १९४९ मध्ये ते मॉन्टे कार्लोजवळ मित्राच्या बंगल्यावर सुट्टीवर होते. पत्ते खेळत असताना उजव्या हातापायाला मुंग्या आल्यासारखं झालं. सकाळी सही नीट जमेना. मोरन विमानाने आले. छोट्या धमनीत गुठळी अडकली आहे हे त्यांनी ओळखलं. वर्तमानपत्रांना कळवलं गेलं की सर्दी झाली आहे.

असे छोटे, थोड्यात निभावणारे झटके हा पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असतो, हे त्याच सुमाराला शास्त्राला उमगत होतं. कॅनडातले सी. मिलर फिशर यांनी १९५१ मध्ये दाखवलं की मानेतल्या धमनीत चरबीचा थर साचून ती अरुंद झालेली असते. तिथून सुटलेले कण मेंदूकडे जातात आणि काही मिनिटं हात बधिर होतो, किंवा एका डोळ्यापुढे अंधारी येते. १९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात शल्यचिकित्सकांनी अशा झटक्यांनी हैराण झालेल्या एका बाईंच्या मानेतल्या धमनीचा अरुंद झालेला तुकडा काढून टोकं जोडली. झटके थांबले.

२३ जून १९५३ला पंतप्रधान चर्चिल यांनी इटलीचे पंतप्रधान दे गास्पेरी यांना १०, डाउनिंग स्ट्रीटवर भोजन दिलं. रोमनांनी ब्रिटन जिंकल्याच्या प्रसंगावर एक खुसखुशीत भाषण केलं आणि थोड्या वेळात ते खुर्चीत कलले. जीभ जड झाली. पाहुण्यांना वाटलं, दारू जरा जास्त झाली असावी. दुसऱ्या दिवशी तोंडाची डावी बाजू किंचित ओघळलेली असतानाही ते मंत्रिमंडळाच्या बैठकीला बसले आणि फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या दोन-तीन दिवसांत डावा हात-पाय निकामी झाला. चार्टवेलच्या घरी नेल्यावर मोरन यांना ते आठवडाअखेर काढतील याची खात्री वाटेना.

लोकांसाठी काढलेल्या पत्रकातून मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा उल्लेख खोडण्यात आला, ‘संपूर्ण विश्रांतीची गरज’ एवढं ठेवलं. चर्चिल यांच्या मित्रवर्तुळातल्या वृत्तपत्रसम्राटांनी तोंडाला कुलूप लावलं. परराष्ट्रमंत्री ईडन स्वतः शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत होते, म्हणून काळजीवाहू पंतप्रधानाचा प्रश्नही कुणी उघडपणे काढला नाही. ७८ वर्षांचा हा गृहस्थ मात्र हटला नाही. आधी उभं राहणं, मग चार पावलं, मग उच्चार. ऑगस्टमध्ये त्यांनी मंत्रिमंडळाची बैठक घेतली आणि १० ऑक्टोबरला मार्गेट इथल्या पक्षाच्या अधिवेशनात उभ्याने जवळजवळ पन्नास मिनिटं भाषण केलं. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, पण शेजारचा भाग काम शिकू शकतो आणि ते शिकवण्यासाठी सुरुवातीचे आठवडे-महिने मोलाचे असतात. फिजिओथेरपिस्ट आणि वाचाउपचारतज्ज्ञ आज हेच सांगतात.

एप्रिल १९५५ मध्ये त्यांनी पद सोडलं. जानेवारी १९६५ मध्ये आणखी एक मोठा झटका आला आणि २४ तारखेला, नव्वदाव्या वर्षी ते गेले.

पुरावा आणि उपचार

चर्चिल गेले त्याच सुमाराला अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांची चाचणी चालू होती. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष घेतले. निम्म्यांना खरी औषधं, निम्म्यांना त्याच दिसण्याच्या बिनऔषधी गोळ्या. खऱ्या औषधांत लघवी वाढवणारी गोळी होती, रक्तवाहिन्या सैलावणारी गोळी होती आणि सर्पगंधेतलं रेसर्पिन होतं. १९६७ मध्ये निकाल आला. बिनऔषधी गटात २७ जणांना गंभीर गुंतागुंत झाली, औषध घेणाऱ्यांत दोघांना. रक्तदाब उतरवला तर माणूस वाचतो, याचा हा पहिला भक्कम पुरावा. वकिलांनी नावारूपाला आणलेली मुळी त्यात सहभागी होती.

झटका आल्यावरच्या उपचारांना आणखी वेळ लागला. बाहेरून पाहून फुटलेली धमनी आणि तुंबलेली धमनी यांतला फरक सांगता येत नाही, आणि गुठळी विरघळवणारं औषध फुटलेल्या धमनीवर दिलं तर रुग्ण दगावतो. ही कोंडी फोडली गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनने. त्याचा पहिला रुग्ण १ ऑक्टोबर १९७१ला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात तपासला गेला. १९९५ मध्ये सिद्ध झालं की गुठळी विरघळवणारं टीपीए हे इंजेक्शन पहिल्या तीन तासांत दिलं तर अपंगत्व टळू शकतं. पुढे ही मुदत साडेचार तासांपर्यंत गेली. २०१५ पासून मांडीतल्या किंवा हाताच्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन मोठी गुठळी ओढून काढायची पद्धत रुळली. निवडक रुग्णांत ती चोवीस तासांपर्यंत उपयोगी पडते. रक्तस्रावाच्या झटक्यात रक्तदाब तातडीने आटोक्यात आणतात, गरज पडल्यास शस्त्रक्रिया करतात.

दहा कारणं नव्वद टक्के धोक्याचा हिशेब देतात, असं अनेक देशांत मिळून झालेल्या ‘इंटरस्ट्रोक’ अभ्यासाने दाखवलं. त्यात पहिला नंबर रक्तदाबाचा. मागोमाग सिगारेट, मधुमेह, बैठी जीवनशैली, रक्तातली चरबी, पोटाचा घेर, सदोष आहार, दारू, मनावरचा ताण आणि हृदयाचे विकार. आपल्याकडे लोणचं-पापडातलं मीठ आणि तंबाखू-मिश्री यांचाही विचार करावा लागेल.

रूझवेल्टांकडे औषध नव्हतं, स्टालिन यांच्याजवळ जायला माणूस नव्हता, चर्चिल यांना खरं सांगायची सोय नव्हती. आपल्याला या तिन्हींतली एकही सबब सांगता येत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या स्वस्त आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळतात. तरीही ‘मला काही होत नाही’ म्हणून मोजायचं टाळणारे आणि ‘गोळीची सवय लागते’ म्हणून मधेच बंद करणारे घरोघरी आहेत. रक्तदाब वाढलेला माणूस अगदी ठणठणीत वाटतो, फसगत होते ती इथेच.

म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजावा, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नये. घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, एक हात वर उचलता येईना, बोलणं अडखळायला लागलं, अचानक दिसेनासं झालं किंवा तोल जाऊ लागला, तर दहा मिनिटांत बरं वाटलं तरी थांबू नका. तोंडात पाणी, गोळी, काही घालू नका. ॲस्पिरिनसुद्धा नाही, कारण आत धमनी फुटली आहे की तुंबली आहे हे स्कॅनशिवाय कळत नाही. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा, १०८ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या. साडेचार तासांचं घड्याळ त्या क्षणापासून चालू झालेलं असतं.